इकडे अजून वाजले नाहीत

मालतीताई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. फोनवर तिचे यजमान, वसंतराव. आवाज स्थिर, ऑफिसात निरोप ठेवावा तसा. “शोभावहिनी, मालती गेली. नऊ वीसला. चहा तसाच आहे.” मी रिसीव्हर कानाला लावून घड्याळाकडे बघत उभी, आणि मनात पहिला विचार आला तो हा, की अजून नऊ वीस झालेलेच नाहीत... म्हणजे धावत गेले तर भेटेल. क्षणभर अगदी खरं वाटलं ते. जयपूरच्या मानसरोवर वसाहतीत आमच्या दोन घरांमध्ये एक पार्क आणि एक किराणा दुकान, एवढंच अंतर. अनवाणीच पळाले. ती स्वयंपाकघरात खिडकीपाशी खुर्चीवर होती, मान जरा कललेली, ओट्यावर अर्धा कप चहा. हॉलमधून आत येताना वसंतरावांचं ते वीस मिनिटं पुढे केलेलं घड्याळ दिसलं होतं, आणि तेव्हा उलगडा झाला. मला आधी राग आला. रडू नंतर आलं.

याला आता दोन महिने होतील. लोक म्हणतात, राग ओसरतो. माझा ओसरलेला नाही, आणि तो ओसरायच्या आत मला हे लिहून काढायचं आहे.

वसंतराव विमा कंपनीत अधिकारी होते. साताऱ्याकडचे. बदल्या होत होत जयपूरला आले आणि इथेच निवृत्त झाले. आम्ही अमरावतीचे, माझे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत. गल्लीत मराठी बोलणारी दोनच घरं, त्यामुळे वर्षभरातच मालतीताई माझी मोठी बहीण झाली. त्यांच्या हॉलमध्ये गोल घड्याळ होतं आणि ते वीस मिनिटं पुढे असायचं. चुकून नव्हे, ठरवून. नोकरीच्या पहिल्याच वर्षी वसंतरावांची गाडी चुकली आणि आईचं अंत्यदर्शन हुकलं. ही गोष्ट मी त्यांच्याच तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की पाठ झाली आहे. वाईट झालं, कोण नाही म्हणतं? पण गाडी चुकली यांची, आणि तीस वर्षं धावली मालतीताई. बरं, घड्याळ पुढे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक. पण मनातल्या मनात वीस मिनिटं वजा करायची नाहीत, असा दंडकच होता. “घड्याळ म्हणजे घड्याळ,” असं ते म्हणायचे. हॉलमध्ये आठ वाजले म्हणजे आठ, मग बाहेर सूर्य काही का म्हणेना.

परिणाम काय? ही बाई जन्मभर उशिरा. रोज सकाळी हॉलमधून हाक, “आठ वाजले, डबा कुठाय?” आणि हिची पोळी अजून पोळपाटावरच. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला निघायचं तर ओले केस तसेच बांधून, एक बांगडी हातात आणि एक पर्समध्ये, “उशीर झाला गं, हे चिडलेत” म्हणत ती माझ्या दाराशी यायची. आम्ही हॉलवर पोचायचो तेव्हा तिथला भैया झाडू मारत असायचा. सतरंज्या गुंडाळलेल्या. आम्ही दोघी पायरीवर बसायचो आणि ती धापा टाकत हसायची. मला हसू येत नसे. “तू त्यांना सांगत का नाहीस?” मी एकदा विचारलं. म्हणाली, “सांगितलं. म्हणाले, हे सांगायलाही उशीरच झाला.”

घरात येणारं प्रत्येक घड्याळ वसंतराव त्याच संध्याकाळी पुढे करायचे. गजराचं केलं. मुलीने, मीनलने, दिवाळीला दिलेलं टेबलावरचं केलं. मालतीताईच्या मनगटावरचंही केलं, तेव्हापासून तिने ते घालणंच सोडलं. म्हणून मीनलच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात ती मला म्हणाली, “शोभा, चल, घड्याळ घ्यायचंय,” तेव्हा मी म्हटलं, आणखी एक कशाला? तिने नुसती पर्स उचलली. रिक्षा करून आम्ही एमआय रोडवरच्या घड्याळांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आधी काट्यांची घड्याळं काढली. मग लाल आकड्यांची, मागे बटणं असलेली. ती एकेक उलटं करून मागची बाजू बघत होती, जशी भाजीवाल्याकडे वांगी बघावीत. शेवटी तो कंटाळून म्हणाला, “बहनजी, आपको चाहिए क्या?” ही म्हणाली, “ऐसी घड़ी, जिसको कोई आगे न कर सके.” त्याने मान वर केली. मग आतून एक खोकं आणलं. भिंतीवरचं, लाल आकड्यांचंच डिजिटल घड्याळ, सोबत लांब वायर आणि वायरच्या टोकाला बिस्किटाएवढी एक डबी. ती डबी खिडकीत ठेवायची, मोकळं आकाश दिसेल अशी. मग उपग्रहाकडून वेळ आपोआप येते. “कोई छेड़े भी, तो थोड़ी देर में अपने आप सही हो जाती है,” तो म्हणाला. तिने पुन्हा विचारलं, “पक्का?” “पक्का.” “दे दो.” भाव करायची हौस असलेली बाई, त्या दिवशी भावसुद्धा केला नाही.

हॉलमध्ये ते लागलंच नाही. तिथल्या खिडकीसमोर शेजारच्यांची भिंत, आकाश नाही, त्यामुळे घड्याळात नुसत्या चार आडव्या रेघा. वसंतराव पेपरमागून म्हणाले, “बघा, फसवलं.” स्वयंपाकघराची खिडकी मात्र मोकळी होती. ती डबी तिने तुळशीच्या कुंडीशेजारी जाळीवर ठेवली, आणि आम्ही दोघी घड्याळासमोर उभ्या राहिलो. रेघा... रेघा... आणि एकदम आकडे. तिने टाळी वाजवली. खिळा ठोकायला स्टूलवर चढली. मालतीताईने वसंतरावांना म्हटलं, जरा स्टूल धरता का? ते म्हणाले, “मला हा तमाशा नको.” स्टूल मी धरलं. पुढे एका रविवारी त्यांनी चष्मा लावून त्या घड्याळाशी झटापट केली म्हणे, बटणं दाबून वीस मिनिटं पुढे नेलंही. चहा होईपर्यंत ते परत जागेवर आलेलं होतं. उन्हाळ्यात लाईट जायची, परत आली की पुन्हा त्या रेघा, आणि ती हातातलं काम टाकून आकडे उमटायची वाट बघायची. एरवी कशासाठीही न थांबलेली बाई.

आणि मग तिला त्या वीस मिनिटांचा शोध लागला. रोज सकाळी त्यांचा चहा-नाश्ता देऊन ती खिडकीपाशी खुर्ची ओढायची, आपला चहा घ्यायची, आणि काहीही करायची नाही. मी कधी त्या वेळी गेले तर मलाही कप मिळायचा, पण बोलायचं नाही असा नियम. हॉलमधून आवाज यायचा, “नऊ वाजून गेले, भाजीला जायचं नाही का?” ती जागची न हलता म्हणायची, “इकडे अजून वाजले नाहीत.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला कप हिंदकळला. आवाज चढवलेला नव्हता. पोळी फुगली आहे हे सांगावं, तसं सांगितलं तिने. भाजीला ती गेली, पण आपल्या नऊला.

शोकसभा मंडळाच्याच हॉलमध्ये झाली. एकामागून एक उठले आणि म्हणाले, मालतीबाई सोशीक होत्या. अध्यक्ष म्हणाले, “घड्याळाच्या काट्यावर चालणारं आदर्श घर.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोशीक! मोकळं आकाश शोधून आपलं घड्याळ लावणारी बाई सोशीक? समोर टेबलावर छापील कार्डांचा गठ्ठा होता. त्यावर तिचा फोटो, खाली ‘सकाळी ९ वाजून २० मिनिटांनी’. डॉक्टरांनीही म्हणे तेच लिहून नेलं. मी मीनलला बाजूला घेतलं. ती बिचारी रडून सुजलेली, इथेच वाढलेली मुलगी. “काकू, मतलब... बाबांनी जे सांगितलं तेच टाइप करवलं मी.” तिला काय बोलणार? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मेली ती, आणि खोड राहिली यांची. ज्या वीस मिनिटांवर तिचा हक्क होता, त्यांच्यातच ती गेली, आणि त्या माणसाने तीसुद्धा खोडून टाकली.

गेल्या आठवड्यात वसंतरावांनी बोलावलं, तिच्या साड्या वाटायच्या होत्या म्हणून. काम झालं, निघताना मला राहवलं नाही. म्हटलं, “वसंतराव, ती नऊला गेली. नऊ वीसला नाही. आणि आणखी एक सांगते, ती आयुष्यात एकदाही उशिरा आली नव्हती.” मला वाटलं, आता ओरडतील. ते खुर्चीत बसून राहिले. मग म्हणाले, “मी नऊ वीसला आत गेलो, वहिनी. हाक मारली होती. मला वाटलं, आता म्हणेल...” उठून स्टूल आणलं आणि हॉलमधल्या घड्याळाखाली ठेवलं. “जरा धरता का?” मी धरलं. पडले असते तर त्याचाही दोष तिच्याच माथी आला असता. त्यांनी घड्याळ खिळ्यावरून काढून छातीशी धरलं, मागची चावी चिमटीत घेतली आणि वरूनच विचारलं, “किती वाजले?”

मी म्हटलं, “मला नका विचारू. आत जाऊन बघा.”

ते उतरले. घड्याळ घेऊन स्वयंपाकघरात गेले. खिडकीपाशी तिची खुर्ची तशीच होती, तिला वळसा घालून त्या लाल आकड्यांसमोर उभे राहिले. काटा फिरवून होईपर्यंत मिनिट उलटलं, पुन्हा वर बघितलं, पुन्हा फिरवला, पुन्हा मिनिट उलटलं. मी दारात उभी राहून बघत होते. माझ्या मनगटावर घड्याळ होतं. मी ते पदराखाली घेतलं.