टाकीवरची तारीख

फुमिए इसोगाईच्या नशिबात बंद पडणारे पंपच लिहिले होते. वीस वर्षं पेट्रोल पंपावर राबली, तो बंद झाला. मग पंचेचाळिशीत पुस्तकं घेऊन बसली नि गाड्यांत हायड्रोजन भरण्याच्या परवान्याची परीक्षा दिली. "आता हेच चालणार," असं जो तो छातीठोकपणे सांगत होता. डोंबलाचं चाललं! अख्खं ओकाझाकी शहर बॅटरीच्या गाड्यांमागे गेलं आणि फुमिएचा पंप आठवड्यातून तीनच दिवस उघडू लागला. गिऱ्हाईकं दिवसाला चार, फार तर पाच.

त्यातले एक कुवायामा-सान, ऐंशी वर्षांचे. कारखान्यात हायड्रोजनच्याच गाड्यांच्या टाक्या बनवण्यात त्यांची उमर गेली. दर गुरुवारी टाकी भरून ते डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात बायकोला भेटायला जात. तिकडे बस नाही. मुलाने तर बजावूनच ठेवलं होतं, ही गाडी गेली की लायसन्स परत करायचं, नवी गाडी मिळणार नाही.

भरण्याआधी झाकणावरची तारीख बघायची, असा नियम. टाकीचं आयुष्य पंधरा वर्षं. तारीख उलटली की जराही भरायचं नाही. आणि नवी टाकी बसवण्यापेक्षा गाडी भंगारात काढलेली स्वस्त.

त्या गुरुवारी फुमिएने झाकण उघडलं. १६ ऑक्टोबर २०३०. म्हणजे काल.

"अहो, मागच्या आठवड्यात सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलंस. तरी आलो. म्हातारी माणसं हट्टी असतात, बाई."

तिने इकडेतिकडे पाहिलं. "भरते मी. बघायला आहे कोण इथे?"

"नळी ठेव खाली! परवाना जाईल तुझा." मग ते जरा नरमले. "ही पंधरा वर्षं ठरली तेव्हा त्या बैठकीत मीही होतो. म्हटलं, पुरे झाली की! तोवर गल्लोगल्ली आपल्याच नव्या गाड्या धावतील, हा जुना खटारा कोण चालवतंय?"

ते हसायला गेले, पण हसू काही जमलं नाही. झाकण त्यांनीच लावलं.

पंपाच्या रीतीप्रमाणे गाडी रस्त्याला लावून द्यायला फुमिए पुढे धावली. वाहनं अडवायची तर गाडी कुठे वळणार हे विचारावंच लागतं. डावीकडे त्यांचं घर, उजवीकडे डोंगर. टाकीत तीस किलोमीटरपुरतंच उरलं होतं, आणि आश्रम सत्तावीसवर.

"डावीकडे ना?"

"उजवीकडे."

"अहो, मग परत कसे याल?"

"जाण्यापुरतं आहे."

फुमिएने हात आडवा करून ट्रक थांबवला. गाडी वळली, तशी ती गिऱ्हाईकाला निरोप द्यायला कमरेत वाकली, आणि तिथेच, भर रस्त्यात, तिला रडू फुटलं.