माजी सुनेचा शेवटचा हप्ता

या मंगळवारी मुरुमला आमच्या बचत गटाची मीटिंग होती, नेहमीसारखी समाजमंदिरात. वैशालीनं शेवटचा हप्ता भरला, रजिस्टरवर सही केली... सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि गटाची अध्यक्ष असूनही मला मान वर करवेना.

वैशाली माझी सून. म्हणजे होती. दोन वर्षांपूर्वी तिची आणि माझ्या मुलाची फारकत झाली. मुलाचं नाव लिहीत नाही... तो माझ्या पोस्टला लाइक कधी करत नाही, पण वाचतो सगळ्या.

लग्नानंतर वर्षभरानं मीच तिला गटात घेतलं आणि तिच्या नावावर कर्ज काढून दिलं. कागदावर लिहिलं शिलाई मशीन आणि घरात आली मुलाची डीजे सिस्टीम! तिनं तेव्हा विचारलं होतं, हे कसं काय म्हणून. मी म्हणाले, नवरा-बायकोत तुझं-माझं काय असतं गं...

डीजे एक सीझन वाजला. मग त्यानं तो विकला, पैसे कुठं गेले ते आजतागायत कळलं नाही. त्यावरून भांडणं सुरू झाली ती थांबलीच नाहीत.

फारकतीच्या बैठकीत मात्र तुझं-माझं अगदी चोख झालं. तिच्या माहेरचं कपाट, भांडी, अगदी उलथनंसुद्धा मोजून परत दिलं. शेवटी तिच्या मामांनी विचारलं, "गटाचं कर्ज कुणाच्या नावावर हाय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "तिच्या."

खोटं नाही बोलले हो. पण पुढचं वाक्य गिळलं... चार माणसांत पोराची अब्रू जाईल म्हणून गिळलं. वैशालीनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि परत मिळालेली भांडी पोत्यात भरायला लागली. कोर्टाच्या कागदावरही मग तसंच उतरलं, ज्याच्या नावावरचं कर्ज त्यानं फेडायचं.

ती तुळजापूरला माहेरी गेली आणि तिथं साड्या-ओटीच्या एका दुकानात कामाला लागली. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आमची मीटिंग. त्या दिवशी ती नळदुर्गला एसटी बदलून मुरुमला यायची, हप्ता भरायची आणि परत जायची.

आमच्या गटाच्या सचिव रजियाभाभी पहिल्याच महिन्यात म्हणाल्या होत्या, "बाई, फोनवरून पाठवू द्या की तिला. एवढ्या लांबून कशाला हेलपाटा?" मी म्हणाले, नियम म्हणजे नियम. हप्ता ज्याचा त्यानं मीटिंगला येऊन भरायचा. अंगणवाडीत तीस वर्षं काढलेली बाई मी, माझ्यापुढं कोण बोलणार...

खरं सांगू? नियमाचं मला काही पडलेलं नव्हतं. मुलगा पुण्याला निघून गेला, घरात मी एकटी. वैशाली येणार म्हणून मी शेंगदाण्याच्या पोळ्या करायचे, ती पाच-दहा मिनिटं बसायची, मी काहीबाही विचारायचे. तेवढ्यावर माझा महिना निघायचा.

त्यात निवृत्तीचे पैसे माझ्या हातात आले. एका दिवसात सगळं कर्ज फेडता आलं असतं. दहादा मनात आलं... पण कर्ज फिटलं की ती येणार नाही, म्हणून दर वेळी पुढच्या महिन्यावर ढकललं. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

मंगळवारी मीटिंग संपल्यावर तिला बाजूला घेतलं आणि पाकीट हातात दिलं. सगळी रक्कम, व्याजासकट. बैठकीत का गप्प बसले, पैसे असून इतके दिवस का दिले नाहीत, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं ती नको म्हणेल, मी आग्रह करीन, दोघी रडू... घरून सगळं ठरवूनच निघाले होते मी.

तिनं पाकीट घेतलं. तिथंच पायरीवर बसून नोटा मोजल्या आणि पर्समध्ये ठेवल्या.

मग म्हणाली, "आत्या, मंगळवारी तुळजापुरात किती गर्दी असती तुमाला ठावं हाय. दुकानात त्या दिशी डबल हजरी मिळती. दोन वर्षांत चोवीस मंगळवार बुडवले म्या. मालक दर बारीला म्हणायचा, लई खाडे व्हायलेत, दुसरी बघतो."

मला खाड्यांचं ठाऊक नव्हतं... कारण एवढ्या वेळा भेटून मी कधी विचारलंच नव्हतं.

"म्या आले की तुमाला बरं वाटायचं, ते कळायचं मला. पर मला यावं वाटत न्हवतं, आत्या. ह्या गावात उतरले की पयली परतीची एसटी बघायचे."

मी म्हणाले, "चुकलं माझं." ती म्हणाली, "व्हय." आवाजात राग नव्हता. एसटीची वेळ झाली होती, ती निघून गेली.

दोन दिवस झाले, जेवण गोड लागत नाही. पैसे दिले, पण ते बाजूला घेऊन, गुपचूप दिले. बैठकीला आलेल्या माणसांच्या लेखी कर्ज अजून तिचंच आहे. कालसुद्धा एका पाहुण्यानं म्हटलं, "कर्जबाजारी पोरगी होती, बरं झालं सुटलात..." आणि मी चहा पुढं केला.

त्या बैठकीतले बरेचजण माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. मामा, तुम्ही विचारलं होतं ना... कर्ज वैशालीच्या नावावर होतं. पैसे माझ्या मुलानं घेतले, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.