पोटातले पोहे

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगतोय, ते विचारू नका. थकलोय, एवढंच.

सरकारी रुग्णालयात शवविच्छेदन करतो मी. मढी फाडणारा डॉक्टर म्हणतात लोक. म्हणोत बापडे. मढं आलं की आधी हातपाय वाकवून बघायचे, किती ताठरलेत त्यावरून मरणाची वेळ हवालदाराला ऐकवायची — ही माझी ऐट. चाकू नंतर. हवालदाराला वाटायचं, काय हुशार डॉक्टर आहे! आणि मला? मलाही तसंच वाटायचं.

त्या मे महिन्यात भोसरीहून एक तरुण कामगार आणला. दुपारी भाड्याच्या खोलीत मेलेला सापडला होता, हृदय बंद पडून. अंग लाकडासारखं कडक. मी म्हणालो, "पहाटेच गेलाय हा." हवालदाराने ते लगेच दारातल्या नातेवाइकांना सांगितलं.

मग पोट उघडलं. आत पोहे. शेंगदाणेसुद्धा ओळखू येत होते.

त्याची बायको, सुनंदा, सकाळच्या शिफ्टला गेली होती. बाहेर ती रडत तेच सांगत होती — मी पोहे करून दिले, माझ्यासमोर खाल्ले ह्यांनी, मगच मी निघाले. पहाटे मेलेला माणूस सकाळी पोहे खातो का हो? पत्र्याची खोली, मेचं ऊन — उकाड्यात मढं लवकर ताठरतं, हे शिकाऊ पोरांनाही ठाऊक असतं. खोली कसली होती, हे मी विचारलंच नव्हतं.

दार समोरच होतं. बाहेर जाऊन "चुकलो" म्हणायचं, बस्स. पण हवालदारासमोर — जीभच रेटेना. 'अर्धवट पचलेलं अन्न' एवढं लिहिलं आणि हात धुतले.

बाहेर सासू ओरडत होती, "मढं घरात टाकून कंपनीत गेली ही!" तेरावं झाल्यावर सासरच्यांनी तिची लहान लेक गावी नेली, ती परत धाडलीच नाही. असल्या बाईजवळ पोर ठेवायचं नाही म्हणे.

सुनंदा नंतर एकदा मला भेटायला आली. लेकीचं सांगून झालं, मग हळूच म्हणाली, "साहेब, हे बोलले होते माझ्याशी. पोह्यांवर लिंबू पिळ म्हणाले. का मलाच भास झाला?"

मी म्हणालो, "ताई, शरीर खोटं बोलत नाही." मान खाली घालून गेली बिचारी.

पोह्यांत लिंबाची बी होती. मीच ती चिमट्याने बाजूला काढली होती.