न वाचलेले आकडे

सकाळी ०९.०० ला वाहतूक विमानाच्या कॉकपिटमध्ये बसलो. त्या दिवशी माझा चेक होता, म्हणजे उड्डाणाची परीक्षा. नाशिकच्या बाजूने सुरतेला जायचं, धावपट्टीपर्यंत खाली यायचं आणि न उतरता परत फिरायचं. ट्रेनिंगमधला एक चेक मी आधीच नापास झालो होतो. दुसरा गेला की पायलटचा कोर्स संपला.

मार्ग एफएमएसमध्ये भरायचा होता. दोन सीटांच्या मधला कीपॅड आणि छोटा स्क्रीन. त्यात प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश टाकले की विमान त्या वाटेने स्वतः जातं. युनिटचा नियम असा: एकाने टाकायचं, दुसऱ्याने आकडे मोठ्याने वाचून नकाशाशी ताडायचे, मगच ‘एक्झिक्यूट’ दाबायचं.

दुसरा म्हणजे मागच्या जंप सीटवरचा फ्लाइंग ऑफिसर ढोमणे. यवतमाळकडचा, माझा कोर्समेट. उजव्या सीटवर बसणारे इन्स्ट्रक्टर अजून यायचे होते.

“वाचू का?”

“राहू दे. माझ्या घरचा रस्ता आहे.”

“घरच्या रस्त्यानं पायी जातेत बे. हे विमान हाय.”

मी एक्झिक्यूट दाबलं.

आईवडील सुरतेच्या डिंडोलीत राहत. वडील कापडाच्या लूमवर कामाला होते. आदल्या दिवशी मायला फोन करून सांगितलं होतं, पावणेअकराला गच्चीवर ये. “मंग घर येशी ना?” तिने विचारलं. विमान तिथे उतरणारच नाही, हे तिला पटत नव्हतं.

१०.४१ ला चलथाणच्या साखर कारखान्याची चिमणी खालून गेली. ऊस, मग पत्रे, मग गच्च्या. विरळ धुक्यात सगळं शहर पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखं दिसत होतं. इंजिनांचा आवाज कुठेतरी दूर गेला. एका गच्चीवर काहीतरी लाल हललं. साडी असेल, वाळत घातलेली चादर असेल. मी ती माय मानली. उजवीकडे तापी चकाकली आणि सावकाश मागे सरली. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. मग खाली राखाडी पाणी होतं, वर राखाडी आभाळ, आणि दोहोंमध्ये रेघ नव्हती.

“पोझिशन सांगा,” रेडिओवर टॉवर म्हणाला. “समोरून प्रवासी विमान उतरतंय.”

मागच्या जंप सीटवरून ढोमणे बोलला, “सर, वळणाचा बिंदू मागे पडला. नकाशात रेखांशाची बेचाळीस मिनिटं, एफएमएसमध्ये बारा.”

“आय हॅव कंट्रोल,” उजव्या सीटवरचे इन्स्ट्रक्टर म्हणाले आणि विमान डावीकडे वर घेतलं. थोड्या वेळाने ते प्रवासी विमान आमच्याखालून गेलं. पांढरं, बिनआवाजाचं.

रेखांशातला एक आकडा मी चुकवला होता. वळायचा बिंदू पन्नासेक किलोमीटर समुद्रात गेला होता.

१४.०० ला डीब्रीफ, म्हणजे उड्डाणाचा आढावा.

“आकडे वाचायचं काम कोणाचं होतं?” इन्स्ट्रक्टरनी विचारलं.

“माझं, सर. मी वाचले नाहीत,” ढोमणे म्हणाला.

मी शेजारी उभा होतो. ‘राहू दे’ मीच म्हणालो होतो, हे सांगितलं नाही. त्याच्या नावावर नापासाचा शेरा पडला. मला चेक पुन्हा मिळाला.

बाहेर आल्यावर विचारलं, “का केलंस?”

“तुझा दुसरा हाय बे. माझा पहिलाच.”

मी पास झालो. पुढे बरीच वर्षं उडालो. ढोमणे चार वर्षांनी डोंगरातल्या चौक्यांना रसद पोहोचवताना विमान पडून गेला. त्याच्यासोबत क्रूमधले तिघे. चौकशीत कारण हवामान निघालं.

मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने एवढंच विचारलं, “त्याच्या हातून काही चुकलं तर नाही ना जी?”

“नाही, काकू,” म्हणालो, आणि सुरतेच्या त्या उड्डाणाचं सगळं सांगितलं. डीब्रीफमध्ये सांगायला हवं होतं, तेही.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“असाच व्हता तो,” ती म्हणाली. “बसा, चहा मांडतो.”