थोरल्या भावाचा वस्तरा

माणसं घरच्या घरी वस्तऱ्यानं दाढी का करू लागतात, याची कारणं मी हौसेनं गोळा करत आलो आहे. कोणी म्हणतो, कातडी मऊ राहते. कोणी म्हणतो, न्हाव्याची बडबड सकाळी सकाळी सोसत नाही. एका निवृत्त मामलेदारांनी मला सांगितलं होतं, की गळ्यावरून उघडं पातं फिरवलं की दिवसभर माणसाला कशाची भीती उरत नाही. एवढं म्हणाले आणि आतून बायको नुसती खाकरली, तर चहाची बशी त्यांच्या हातून सुटली. माझ्या थोरल्या भावानं मात्र वस्तरा दोनदा उचलला, आणि त्या दोन्ही वेळची कारणं मला पक्की ठाऊक आहेत.

पहिलं कारण साधं होतं. लढाई चालू होती आणि बाजारातून दाढीची पाती नाहीशी झाली होती. अण्णा, म्हणजे हा थोरला, तेव्हा सांगलीला हळदीच्या अडतीवर कारकून होता. मी एका छापखान्यात खिळे जुळवत असे. दोघांची मिळून एक खोली होती. अण्णाला आपल्या सेफ्टी रेझरचा भारी अभिमान. गावाकडं दाढी करायची म्हणजे न्हाव्यापुढं उकिडवं बसून मान त्याच्या हाती द्यायची. हा आरशापुढं साहेबासारखा उभा राही. पाती मिळेनात, तसा तो जुनंच पातं काचेच्या पेल्यात आतून घासून घासून वापरू लागला. शेवटी शेवटी तो दाढी करतोय की गालाची साल काढतोय, हे मला बिछान्यातून कळत नसे. न्हाव्याकडं जायची सोय राहिली नव्हती. 'आता तुझी गरज सरली' असं अण्णानंच न्हाव्याला भर रस्त्यात ऐकवलं होतं.

मग रजेवर आलेल्या एका शिपायाकडून अण्णानं काळ्या मुठीचा वस्तरा विकत घेतला, खिडकीच्या गजाला कातड्याचा पट्टा बांधला, आणि मला समोर प्रेक्षक म्हणून बसवलं. गाल निभावले. हनुवटी निभावली. मिशीची कड सरळ करायला गेला आणि उजव्या बाजूचं टोक उडालं. डावी बाजू तिच्याइतकी केली, तर ती जास्त गेली. मग पुन्हा उजवी. बरोबरी करता करता मिशीच संपली. मी हसून हसून आडवा झालो. अण्णा हसला नाही. ओठावर हात ठेवून म्हणाला, "आबा जिते हायती रं."

आमच्याकडं मुलगा मिशी उतरवतो ती बाप गेल्यावर. दहाव्याला नदीवर डोक्याच्या केसांबरोबर तीही जाते. शहरातले वकील-मास्तर तेव्हाही गुळगुळीत तोंडानं हिंडत. पण आमचं गाव साताऱ्याजवळ, कृष्णाकाठी, आणि आमचे आबा पल्टनीतून हवालदार होऊन परतलेले. त्यांच्या मिशीला हात लावण्याआधी गावचा न्हावीसुद्धा परवानगी मागे.

"महिन्याभरात वाढंल," मी म्हणालो. "तवर गावाकडं जाऊ नगंस म्हंजे झालं."

अण्णानं वस्तरा ट्रंकेच्या तळाशी टाकला, नाक मुठीत धरून न्हाव्याकडं दाढीला जाऊ लागला, आणि महिना काढायचा ठरवला. पण तासगावला आमची आत्या दिलेली. तिचे दीर हळद घेऊन अडतीवर आले. त्यांनी अण्णाच्या ओठाकडं पाहिलं. डोक्यावर काळी टोपी होतीच. तिच्याखाली केस आहेत की नाहीत, हे कोण उचकटून बघतो? त्यांनी पागोटं उतरवून मांडीवर ठेवलं आणि गप्प बसून राहिले. अण्णानं चहा मागवला, तो त्यांनी हात जोडून परत केला. सुतकातल्या माणसाचं घेत नाहीत, हे अण्णाच्या ध्यानात यायला हवं होतं. त्याला वाटलं, पाव्हणे हळदीच्या पडलेल्या दरामुळं रुसले. संध्याकाळी मला म्हणाला, "लय माजलेत तासगावकर."

दुसऱ्या दिवशी आत्या आमच्या गावाकडं निघाली. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण आईकडून इतक्यांदा ऐकलं आहे की आत्याचा त्या दिवशीचा सूर मला हुबेहूब काढता येतो, आणि लग्नकार्यांत मी तो काढतोच. वेशीपासून तिनं गळा काढला. मागून गल्लीतल्या बायका आल्या. कोण गेलं हे कोणालाच माहीत नव्हतं, पण आधी रडून घेऊ, नाव मागनं कळेल, अशा हिशोबानं त्याही सामील झाल्या. आबा ओट्यावर बसून बैलाची वेसण वळत होते.

"कोण गेलं गं?" त्यांनी विचारलं.

"तूच की रं दादा," आत्या म्हणाली, आणि मग तिनं मान वर केली.

सगळी गल्ली हसली. आबाही हसले. हसता हसता त्यांनी विचारलं, "पर तुला सांगितलं कुणी?"

"माज्या दिरानं. थोरल्याची मिशी उतरल्याली बघून आला त्यो."

आबांचं हसू तिथं थांबलं. गावाचं थांबलं नाही. पारावर कोणी विचारी, "हवालदार, वरबी रेशन लागलंय काय?" दुसरा म्हणे, "यमानं छाती मोजून माघारी धाडलं व्हय?" पोरं त्यांना लांबून रामराम घालत आणि भूत म्हणून पळत. ज्यांना बघून गावातली तरणी माणसं विडी लपवत, त्या आबांनी पारावर जाणं सोडलं.

ओठभर मिशी येताच अण्णा गावी गेला. मीही बरोबर होतो. तो पाया पडायला वाकला, तर आबांनी पाय मांडीखाली ओढून घेतले.

"आबा, वस्तरा निसटला वं."

"माज्या हातनं रायफल न्हाई निसटली कवा."

"चुकलं माजं."

आबा आईकडं वळले. "पाव्हण्यास्नी पाणी दे. लांबनं आल्यात."

आई तांब्या घेऊन उभी राहिली. अण्णानं तो घेतला आणि सगळं पाणी प्याला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. त्यानंतर तो दर सणाला गेला. मिशीला तेल लावून, पीळ देऊन, अगदी आबांच्या वळणाची केली. अडतीवरचे हमाल तिला मुजरा करत. आबांची नजर त्याच्या सदऱ्याच्या गुंड्यांच्या वर कधी आली नाही. दर वेळी ते आईला पाणी द्यायला सांगत.

पुढच्या उन्हाळ्यात आबा खरोखर गेले. आत्या आली, या खेपेला ती वेशीपासून रडली नाही. दारात उभी राहिली, आत नीट बघून घेतलं, आणि मगच गळा काढला.

दहाव्याला माहुलीच्या घाटावर आम्ही दोघं भाऊ बसलो. क्षौराला थोरला आधी, असा रिवाज. अण्णानं टोपी काढली, डोळे मिटले, हनुवटी वर केली. म्हाताऱ्या न्हाव्यानं धोकटी उचलली आणि तो माझ्यापुढं येऊन बसला.

"आवं, थोरला तिकडं हाय," मी म्हणालो.

न्हाव्यानं आमच्या चुलत्यांकडं पाहिलं. तात्या नदीकडं तोंड करून बोलले, "दादा सांगून गेलाय. थोरल्याची करू नगा, म्हनला. त्यानं माज्या नावाची मिशी जितेपणीच उतरवलीया."

"तात्या, दुसरं काय बी करा," अण्णा म्हणाला. "हे नगा. समद्यांम्होरं नगा."

"माजा शब्द असता तर मोडला असता, लेकरा. गेलेल्याचा हाय."

न्हाव्यानं माझ्या डोक्यावर पाणी चोळलं. शेजारी अण्णा तसाच बसून राहिला. डोक्यावर सगळे केस, ओठावर ती देखणी मिशी. निघताना पाव्हण्यांनी मला उराशी धरलं आणि अण्णाला रामराम केला.

सांगलीला परतलो. माझं डोकं पाहून छापखान्याच्या मालकानं स्वतःची खुर्ची पुढं केली. अण्णाला अडतीवर कोणी काही विचारलं नाही. बाप जिवंत असताना त्याच्यापुढं पागोटं उतरलं होतं. आता बाप गेला, तर लोक त्याला हळदीचा भाव विचारत होते. तो सांगत होता.

एका सकाळी त्यानं ट्रंकेच्या तळातून वस्तरा काढला. मला वाटलं, आता मिशी जाणार, आणि मी त्याला अडवणार नव्हतो. त्यानं पट्ट्यावर पातं फिरवलं, गाल केले, हनुवटी केली. मिशीपाशी आल्यावर श्वास धरला आणि तिच्या कडेकडेनं पुढं गेला. एक केस हलला नाही.

"न्हाव्याम्होरं आता बसायचं न्हाई," तो म्हणाला. "पुन्यांदा उठून दुसऱ्याकडं गेला तर?"

आता पाती पानाच्या ठेल्यावरही मिळतात. अण्णाची सून विचारते, मामंजी, हा धोका कशाला? तो म्हणतो, सेफ्टीनं पुरळ येतं. लग्नकार्यात जेवणं झाली की मंडळी मला आत्याचा सूर काढायला लावतात. मी वेशीपासून सुरुवात करतो आणि आत्यानं मान वर केली, तिथं थांबतो. सगळे हसतात, अण्णाही हसतो. त्याची मिशी आता पांढरी झाली आहे, अगदी आबांची वाटावी अशी. हसताना तो तिच्यावर हात ठेवतो.