उजेड होऊन गेलेले सैनिक

मी मटार सोलत बसले की नात मला तिचं जाडजूड जादूचं पुस्तक वाचून दाखवते. काल त्यात मोठी लढाई झाली. मेलेले सैनिक उजेड होऊन आकाशात गेले, आणि पुढच्याच पानावर मेजवानी.

"अगं, त्यांचे कपडे कुणी आवरले?"

"आजी, उजेडाला कुठले कपडे?"

खरंय बाई. माझा भाऊ लढाईत गेला तेव्हा मात्र घरी त्याची काळी ट्रंक आली होती. आईनं त्यातला स्वेटर धुतला, कोपरावरचं भोक तशाच लोकरीनं बुजवलं. पुढे दर थंडीत ती तो उन्हात वाळत घालायची.

हे पोरीला सांगावं का, कळेना.

"मेजवानी वाचू?"

"वाच," म्हटलं.

सगळं ऐकलं. त्या मेजवानीत कुणाचीच आई नव्हती.