जनरेटरची लाल फीत

दसरा दोन दिवसांवर आला होता आणि चांदूर बाजारकडच्या आमच्या फूल उत्पादक संस्थेच्या शीतगृहाचा ट्रान्सफॉर्मर सकाळीच जळाला. आत साऱ्या शिवारातला झेंडू पोत्यांनी रचलेला होता, माझ्या मायचाही. संध्याकाळपर्यंत गारवा मिळाला नसता तर अमरावती-अकोल्याच्या बाजारात न्यायला नुसता लगदा उरला असता. मी या संस्थेचा सचिव, म्हणजे ठराव लिहिणारा आणि किल्ल्या सांभाळणारा.

खरं तर घाबरायचं कारणच नव्हतं. आवारात नवाकोरा जनरेटर उभा होता, डिझेल भरलेला, जोडणी झालेली. अडचण एवढीच की त्याला लाल फीत बांधलेली होती. उद्घाटनाच्या पाहुण्यांना महिनाभर सवड नव्हती आणि तोवर यंत्राला कुणी हात लावायचा नाही असा ठराव झाला होता. तो मीच सुवाच्य अक्षरात लिहिला होता.

अध्यक्षांनी तातडीची सभा बोलावली. प्रथेप्रमाणे आधी स्वागत झालं. त्याच शीतगृहातल्या झेंडूचे हार करवून संचालकांनी एकमेकांच्या गळ्यात घातले. मग संकटाच्या गांभीर्यावर प्रत्येक जण बोलला. एकाने सुचवलं, पाहुण्यांना व्हिडिओ कॉल लावून तिकडून फीत कापून घेऊ. त्यात पाहुण्यांचा अवमान होईल असं अध्यक्षांना वाटलं. जनरेटरची किल्ली माझ्या खिशात होती आणि मी इतिवृत्त लिहीत बसलो होतो.

दुपारी माय आली. तिने एका पोत्यात कोपरापर्यंत हात घालून पाहिला आणि तशीच सभेत शिरली.

"काहून रे, फुलं सडून राहिली अन् तुमी पावण्याची वाट पाहून राहिले?"

"ठराव आहे, काकू," अध्यक्ष म्हणाले.

तिने माझ्यापुढे हात केला. मी अध्यक्षांकडे बघत बघत किल्ली दिली. तिने कमरेच्या विळ्याने फीत कापली, जनरेटर पहिल्याच झटक्यात सुरू झाला आणि संचालकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या.

झेंडू वाचला. मग संस्था सावरली. पुढच्या सभेत संचालक मंडळाच्या तत्परतेबद्दल मंडळानेच मंडळाचं अभिनंदन केलं. नवी फीत आणून बांधली. आणि जुनी विनापरवाना कापल्याबद्दल मायला कारणे दाखवा नोटीस काढायचं ठरलं. सही सचिवाची. लिहिताना मला लाज वाटत होती, पण अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य आलं.

नोटीस पोचवायला आपल्याच घरी जायचं होतं. मायने कागद उलटसुलट पाहिला आणि माझ्याच हातात दिला.

"चष्मा नाई माह्यापाशी. तूच वाच."

चष्मा समोरच्या फळीवर दिसत होता. मी उभ्यानेच सगळी वाचली, खालच्या माझ्या नावासकट.

"झालं?" ती म्हणाली. "बस मंग जेवाले."